शाळेला मदत करायची, पण पैसे कुणाच्या खात्यावर?

जिल्हा परिषदेच्या शाळेला कुणी मदत करत नाही असं ज्याला वाटतं, त्याने माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटात गळक्या वर्गाचा फोटो टाकून बघावा. आमच्या गटात फोटो पडला आणि संध्याकाळपर्यंत 'नंबर पाठवा'चे निरोप सुरू झाले. नंबर कुणाचा पाठवणार? मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, माझा तर मुळीच नको. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याला परवानगीशिवाय वर्गणी गोळा करता येत नाही. शेवटी एका पालकाच्या स्वतःच्या खात्यावर पैसे घेतले, पत्रे बदलले, हिशेबाचा कागद गटात टाकला. कुणाची तक्रार आली नाही. पण ज्याच्या खात्यावर पैसे आले तो दूध घालायला आला तेव्हा हळूच म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी माझं खातं नको. घरात रोज विचारतात, हे एवढे पैसे कुणाचे?"

मी गावातल्या दूध संस्थेत हिशेब लिहिते आणि त्या वर्षी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होते. हे अध्यक्षपद ऐकायला मोठं वाटतं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत ही समिती बंधनकारक केली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात. मुख्याध्यापक सचिव आणि पालकांतला कुणीतरी अध्यक्ष. शाळेचा विकास आराखडा करायचा, आलेलं अनुदान नीट खर्च होतंय का बघायचं, हे काम. आमच्या शाळेचा पट ऐंशीच्या आसपास. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३१ ते १०० मुलांच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये, त्यातले १० टक्के स्वच्छतेवर. त्यात खडू, रजिस्टरं, नळाच्या तोट्या, रंगरंगोटी, विजेचं बिल असं सगळं बसवायचं, आणि पैसे बऱ्याचदा वर्ष संपत आल्यावर येतात.

मग लोकांचे पैसे समितीच्या खात्यावर का घेतले नाहीत, असं बऱ्याच जणांनी विचारलं. समितीचं खातं आहे, पण ते आता शून्य शिलकीचं. वरून खर्चाची मर्यादा मिळते, तेवढाच खर्च पोर्टलवरून करायचा. त्यात कुणा मुंबईकराचे पाच हजार कसे घालणार आणि कसे काढणार? शिवाय समिती बदलते, मूल शाळेतून गेलं की पालकही गेला. आणि ज्यांना मनापासून काही करायचं होतं ते बहुतेक माजी विद्यार्थी. त्यांची मुलं शहरातल्या शाळांत, म्हणजे समितीत त्यांना जागा नाही.

माझ्या बहिणीची मुलगी शहरात खासगी शाळेत आहे. तिला वाटायचं मी पालक-शिक्षक संघात आहे. तो वेगळा. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघाला खरं वजन आलं ते शुल्क विनियमनाच्या २०११च्या कायद्याने, फी किती वाढवायची यावर त्याच्या कार्यकारी समितीचं मत घ्यावं लागतं म्हणून. आमच्याकडे फीच नाही, त्यामुळे भांडणही वेगळं.

तालुक्याच्या गावी एक सनदी लेखापाल आहेत, दूध संस्थेचं लेखापरीक्षण तेच करतात. त्यांच्याकडे सहज विषय काढला तर त्यांनी पहिला प्रश्न केला, "परवानगी घेतली होती का?" कसली परवानगी? नोंदलेली संस्था नसताना धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५०, कलम ४१ क. गणेश मंडळं भाद्रपदाच्या आधी वर्गणीची परवानगी काढतात ना, ती हीच. मंडळाच्या पोरांना जे माहीत होतं ते आमच्या शिकल्यासवरल्या गटात कुणाला माहीत नव्हतं. "एकदाच करायचं तर परवानगीवर भागेल," ते म्हणाले, "दरवर्षी करायचं असेल तर संस्था नोंदवा."

इथे एक सांगते. फक्त वस्तू द्यायच्या असतील तर संस्थेच्या भानगडीत पडू नका. केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टल आहे, २०२१ साली नव्या रूपात आलं. शाळा त्यावर काय हवं ते टाकते, देणारा ते थेट शाळेला देतो. रोख रकमेचा संबंध येत नाही. किंवा नुसतं मुख्याध्यापकांना विचारून कपाट आणून द्या, ठराव आणि पोचपावती घ्या, झालं. जिल्हा परिषदेच्या भाषेत याला शैक्षणिक उठाव म्हणतात आणि तो वर्षानुवर्षं चालू आहे. आम्हाला संस्था लागली ती वस्तूंसाठी नव्हे. दर महिन्याला थोडे थोडे पैसे यावेत आणि ते कुणा एकाच्या घरात अडकू नयेत म्हणून लागली.

महाराष्ट्रात १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवली की तिची सार्वजनिक न्यास, म्हणजे ट्रस्ट म्हणूनही नोंद करावी लागते. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातच होतात. सुरुवातीला किमान सात सदस्य हवेत. गावात सात माणसं गोळा करणं अवघड नाही, कोणती सात हे ठरवणं अवघड. प्रत्येक भावकीला वाटतं आपला एक असावा. एका ज्येष्ठांनी स्वतःचं, मुलाचं आणि सुनेचं नाव दिलं. एका घरातली तीन नावं बघून कार्यालयात प्रश्न येतील असं वकिलांनी सांगितलं तेव्हा मला हायसं वाटलं, कारण त्यांना नाही म्हणायचं कुणी हा पेच सुटला. शेवटी तीन माजी विद्यार्थी, तीन आया आणि एक निवृत्त शिक्षक असे सात झालो. मुख्याध्यापक बाईंना मुद्दाम बाहेर ठेवलं. बैठकीला त्या निमंत्रित म्हणून येतात. त्यांची बदली झाली की नव्या येतील, संस्थेच्या कागदावर काही हलायला नको.

नावासाठी दोन-तीन पर्याय द्यायचे असतात. आमचं पहिलं नाव जिल्ह्यात आधीच कुणाचं तरी होतं, म्हणजे जवळपास तेच. दुसऱ्यावर काम झालं.

खरा वेळ गेला तो घटनेत, म्हणजे संस्थेचे उद्देश आणि नियम लिहिण्यात. वकीलसाहेबांनी टंकलेला तयार मसुदा पुढे ठेवला. उद्देश वाचत गेले: शाळा, महाविद्यालये काढणे, वृद्धाश्रम चालवणे, गोशाळा, व्यसनमुक्ती केंद्र, महिला बचत गट, वृक्षारोपण, क्रीडा स्पर्धा, सर्वधर्मीय सामुदायिक विवाह. मी म्हटलं, आम्हाला एका शाळेचं बघायचंय. ते म्हणाले, "मॅडम, राहू द्या. उद्या काही करावंसं वाटलं तर घटनादुरुस्ती करत बसावी लागते." त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं. घटनादुरुस्ती म्हणजे सर्वसाधारण सभा, ठराव, पुन्हा अर्ज. पण एवढे उद्देश असलेली संस्था गावात कुणाची तरी होते. आज शाळा, उद्या गोशाळा, परवा तिच्या नावावर निवडणुकीचा फलक. मी हट्टाने सगळं खोडून घेतलं. शाळा, अंगणवाडी आणि गावातल्या मुलांचं पुढचं शिक्षण, एवढंच ठेवलं.

आणखी तीन गोष्टी घालून घेतल्या, त्यांचा पुढे फार उपयोग झाला. शाळेच्या इमारतीवर, जागेवर, वस्तूंवर संस्थेचा कसलाही हक्क नाही. बँकेत तीन नावं, त्यातल्या कोणत्याही दोन सह्या. आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव असल्याशिवाय शाळेवर एक रुपया खर्च करायचा नाही. तिसऱ्या कलमाला शहरातल्या मित्रांचा विरोध होता. "आपण पैसे देणार आणि परवानगी त्यांची?" असं एकाने गटावर लिहिलं. त्यावर निवृत्त सरांनी उत्तर दिलं की मुलं त्यांची आहेत. तो दोन-तीन दिवस गटावर काही बोलला नाही, मग वर्गणी पाठवली. संस्था विसर्जित झाली तर उरलेला पैसा सदस्यांत वाटला जाणार नाही, तशाच दुसऱ्या संस्थेकडे जाईल, हे कलमही लागतंच. आयकरवाले आधी तेच शोधतात.

मग कागद. विधानपत्र, नियमावली, सदस्यांची यादी, प्रत्येकाचं संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र, ओळखपत्रं, आणि संस्थेच्या पत्त्यासाठी घरमालकाचं ना हरकत पत्र, सोबत घरपट्टीची पावती किंवा वीजबिल. शाळेचाच पत्ता द्यावा असं सगळ्यांच्या मनात होतं. बाईंनी गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारलं, तिथून नकारही आला नाही आणि होकारही आला नाही, म्हणून निवृत्त सरांच्या घराचा पत्ता टाकला. त्रुटी निघाली ती नावांत. आमच्या एका सदस्य काकूंचं आधारवर माहेरचं नाव, मतदार ओळखपत्रावर सासरचं, आणि सही तिसऱ्याच प्रकारची. काकू चिडल्या, म्हणाल्या, "मला काढा आणि दुसरी घ्या." आम्ही काढलं नाही. जुळत्या नावाचं प्रतिज्ञापत्र केलं. जिचे कागद नीट नाहीत म्हणून वगळलं जातं, तीच बाई रोज शाळेत पोषण आहार शिजवताना डोकावून जाते.

संस्थेचं प्रमाणपत्र आधी मिळालं. न्यासाच्या नोंदणीत चौकशी असते: हरकती मागवणारी नोटीस, निरीक्षकांचे प्रश्न, मग आदेश. आमच्या जिल्ह्यात त्या खिडकीवर माणूस नव्हता, फाइल महिनोन्‌महिने पडून राहिली. ज्या कारकुनाने शेवटी ती हलवली त्याने चहासुद्धा घेतला नाही, हेही सांगायला हवं. त्या कार्यालयाबद्दल मी जे ऐकून गेले होते त्यात हे नव्हतं. नंबर आला तो 'एफ'ने सुरू होणारा. संस्था म्हणून नोंदलेल्या न्यासांना 'एफ' लागतो.

त्यानंतर पॅन, मग बँक, मग आयकर. तेव्हा १९६१चाच आयकर कायदा चालू होता, त्यातली कलमं सांगते. संस्थेचं स्वतःचं उत्पन्न करमुक्त व्हावं म्हणून १२ ए, आणि देणगीदाराला वजावट मिळावी म्हणून ८० जी. दोन्हींची तात्पुरती मंजुरी १० ए अर्जावर ऑनलाइन मिळायची, ती तीन वर्षांची. तीन वर्षं आहेत म्हणून निवांत राहायचं नाही. प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर सहा महिन्यांत नियमित मंजुरीचा १० एबी अर्ज करावा लागायचा, आणि आम्ही काम लगेचच सुरू केलं होतं. लेखापालांनी तारीख धरून ठेवली नसती तर आमच्या लक्षात आलं नसतं. दरवर्षी ३१ मेपर्यंत देणगीदारांची यादी १० बीडी नमुन्यात भरायची, मग प्रत्येकाचं १० बीई प्रमाणपत्र निघायचं. त्यासाठी देणाऱ्याचा पॅन लागतो. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट नाही.

एवढा खटाटोप केल्यावर कळलं की ८० जीची पावती आमच्यातल्या फार थोड्यांना हवी होती. नव्या करप्रणालीत ती वजावटच मिळत नाही, आणि महिन्याला शंभर रुपये देणारा पावतीचा विचार करत नाही. पण मोठी रक्कम देणारा पहिला प्रश्न तोच विचारतो. खरं तर पावतीपेक्षा त्याला, यांचं कुणीतरी तपासतं, एवढं हवं असतं.

अमेरिकेतल्या दोघांचा किस्सा मजेशीर झाला. दोघं एकाच बाकावरचे, एकाच गावात राहतात, दोघांनी सारखीच रक्कम देऊ केली. एकाची घेता आली, दुसऱ्याची नाही. ज्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. दुसऱ्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं, त्यामुळे तो कायद्याने परदेशी स्रोत झाला. त्याच्याकडून घ्यायला परदेशी अंशदानाच्या कायद्याची नोंदणी हवी. त्यासाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत कामावर १५ लाख खर्च झालेले हवेत. आमचा सगळा संसार त्याच्या पासंगाला पुरत नाही. तो म्हणाला, "म्हणजे मी परका?" त्याच्या आईने गावातल्या आपल्या पेन्शनमधून शाळेला पाण्याची टाकी दिली.

जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीकडेही गेलो होतो. २०१३च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, तो पैसा. पण संस्थेला तशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा आणि असा पैसा घेणाऱ्या संस्थांसाठी असलेली सीएसआर-१ नोंदणी हवी. अधिकारी चांगले वागले, पण त्यांना जे द्यायचं होतं ते ठरलेलं होतं: डिजिटल वर्ग, आणि बाहेर कंपनीच्या नावाची पाटी. आमच्या शाळेत आधीच एक प्रोजेक्टर कपाटात आहे. कुणीतरी दिला, दिवा गेला, तो दिवा ज्या किमतीला येतो तेवढे पैसे वर्षभराच्या अनुदानातून काढणं शक्य नाही. शिवाय वीज तोडलेली असेल तर प्रोजेक्टर काय करणार? बिल थकलं म्हणून शाळेची वीज तुटणं ही आमच्या भागात बातमी राहिलेली नाही.

या सगळ्यातून मला जे दिसलं ते असं, की लोकांना वस्तू द्यायची असते आणि शाळेला चालू खर्च हवा असतो. वस्तूवर नाव घालता येतं. विजेच्या बिलावर कुणाचं नाव घालणार? स्वच्छतागृह बांधून देणारे तीन भेटले, ते रोज धुणाऱ्या बाईचा पगार देणारा एकही भेटला नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाला दार आहे, पाणी नाही, म्हणून सातवीच्या मुली महिन्याचे चार दिवस घरी राहतात, हे विकास आराखड्याच्या बैठकीत आयांनी सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचे पुरुष खाली बघत होते. आमच्या यादीत तोवर पहिल्या क्रमांकावर प्रवेशद्वाराची कमान होती.

कमान बाजूला राहिली. पंप, टाकी, आणि अर्धवेळ सफाईवाली बाई हे पहिलं काम झालं. तिचा पगार महिन्याच्या वर्गणीतून जातो. ही वर्गणी मागताना निवृत्त सर नेहमी कर्मवीरांचा मुष्टिफंड सांगतात. घराघरातली बाई दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायची आणि त्यावर रयतेची वसतिगृहं चालायची. तरुण मुलांना ते ऐकून कंटाळा येतो, पण पैसे देतात. वर्षाला पाच हजार देणाऱ्या एकापेक्षा महिन्याला शंभर देणारे पाच मला जास्त भरवशाचे वाटतात. हिशेब लिहिणारीचं मत आहे, धरून बसू नका.

वस्तू घेणं बंद केलेलं नाही. नियम केला की वस्तूबरोबर तिच्या दुरुस्तीचे पैसेही द्यायचे, आणि पाटी लावायचीच तर वर्गाबाहेर, फळ्याशेजारी नाही. संगणक देणारा एकजण रागावून निघून गेला. बाकीच्यांनी मानलं. वस्तू आली की समितीचा ठराव, बाईंची पोचपावती, आणि त्याच दिवशी डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत नोंद. ही नोंद झाली नाही तर ती वस्तू शाळेची आहे हे पुढच्या मुख्याध्यापकांना कळतच नाही, आणि मोडल्यावर निर्लेखन करून ती वहीतून कमीही करता येत नाही. आमच्याकडे अशा बेवारशी खुर्च्या आहेत. त्या फेकायच्या कुणाच्या सहीने हे कुणालाच माहीत नाही.

ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांच्याकडे वर्गणी मागायची नाही, हा ठराव पहिल्याच सभेत झाला. शिक्षण मोफत आहे, आणि गावात 'ऐच्छिक' म्हटलेली रक्कम कशी ऐच्छिक राहते ते सगळ्यांना ठाऊक असतं. तरी ऊसतोडीहून परत आलेली एक आई बैठकीनंतर थांबली आणि पन्नास रुपये पुढे केले. मी म्हटलं, अगं, तुमच्याकडून घ्यायचे नाहीत असं ठरलंय. ती म्हणाली, "मग माझं नाव कुठं लिहिणार?" तिला पावती फाडून दिली आणि सदस्य करून घेतलं. आता सर्वसाधारण सभेत सगळ्यात जास्त प्रश्न तीच विचारते. बैठक दूध संकलनानंतर, संध्याकाळी ठेवतो. सकाळी ठेवली की फक्त पुरुष येतात आणि दुपारी ठेवली की कुणीच येत नाही.

दरवर्षीचं काम आता अंगवळणी पडलंय. ३१ मार्चला वही बंद, मग लेखापरीक्षण, धर्मादायच्या नमुन्यातला ताळेबंद आणि आयव्यय पत्रक, आयकराचं विवरण. आमच्या उलाढालीच्या मानाने कागद जास्त आहेत, हे लेखापालही मान्य करतात. त्यांनी पहिल्या वर्षी फी घेतली नाही. दुसऱ्या वर्षापासून आम्हीच द्यायला लागलो, कारण फुकटचं काम नेहमी शेवटच्या आठवड्यात होतं.

या वर्षी खजिनदार नोकरीसाठी पुण्याला गेला. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज करावा लागतो. तो केला, अजून मंजूर व्हायचा आहे. तोपर्यंत बँक नव्या खजिनदाराची सही घेत नाही. तीनपैकी कोणत्याही दोन सह्या चालतील असं घटनेत लिहून ठेवलं होतं, म्हणून सफाईच्या बाईंचा पगार एकाही महिन्यात थांबला नाही. नव्या खजिनदार त्याच काकू आहेत, तिन्ही ठिकाणी वेगळं नाव असलेल्या. या वेळी आधार दुरुस्त करून मगच अर्ज भरला.